तोंडातलं सोनं

“चोरीबिरीची भानगड नाही ना?” डॉ. हुक्केरींनी एक्स-रे काचेवर लावला आणि मागचा दिवा पेटवत विचारलं.

फोटोत तात्यांच्या बरगड्या दिसत होत्या, मणका दिसत होता आणि छातीच्या बरोबर मध्यावर नखाएवढा एक पांढराशुभ्र त्रिकोण दिसत होता. बाकी सगळं धुरकट, तेवढं एकच स्वच्छ.

“सोनं आहे,” मी म्हणाले.

“तेच म्हणतोय. सोनं गिळलेली माणसं माझ्याकडे याआधीही आलीत, पण ती पोलिसांबरोबर येतात. मुलीबरोबर नाही.”

“चोरी कसली वो डाक्टर!” माझ्याबरोबर जीपमधून मिरजेपर्यंत आलेल्या चंपाकाकू खुर्चीतून उठल्याच. “घरचं सोनं हाय. सोनाराच्या घरात काय तोटा? घरघर लागली हुती. मीच म्हटलं, पोरी, आता सोनं-तुळस घाल तोंडात. गंगेचं पाणी घाल. म्हाताऱ्याची वाट सुखाची हू दे.”

डॉक्टरांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग दाराबाहेर स्ट्रेचरवर टक्क डोळे उघडे ठेवून पडलेल्या तात्यांकडे.

“म्हणजे जिवंत माणसाला निरोप दिलात तुम्ही.”

काकू परत खुर्चीत बसल्या.

“बरं, एक सांगा,” ते म्हणाले. “पूर्ण बेशुद्ध माणसाच्या तोंडात ठेवलेली वस्तू गालातच राहते. मागे गेलीच तर श्वासनलिकेत जाते, आणि माणूस गुदमरतो. ही अन्ननलिकेत आहे. म्हणजे यांनी ती रीतसर गिळलीय. गिळायला थोडी तरी जाग लागते. कशी गिळली?”

“पाण्याबरोबर गेलं असंल,” काकू म्हणाल्या. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि कागद पुढे ओढला.

ही २००४ सालची गोष्ट. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते आणि वडिलांना सांभाळत विट्यात राहत होते. लग्न केलं नव्हतं. लोक विचारत, का नाही केलं, तर मी म्हणायची, वेळ मिळाला नाही. लोक हसत. मी विनोद करत नव्हते.

आमचे तात्या म्हणजे अनंत महामुनी, गावातले जुने सोनार. साखरेच्या दुखण्यानं त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्याला तीन वर्षं झाली होती. मुलींच्या शाळेतली माझी नोकरी मी त्याच वर्षी सोडली. धाकटा भाऊ अरविंद चिंचवडला कारखान्यात. तो दिवाळीला यायचा, दोन दिवस राहायचा आणि जाताना तात्यांच्या पायाऐवजी मांडीला हात लावून नमस्कार करायचा.

तात्यांचा पाय गेला, पण हात शाबूत होते. पुढच्या खोलीत खाटेला लागूनच त्यांनी कामाचा पाट मांडून घेतला होता. त्यावर चिमटे, कातर, कानशी, फुंकणी. तुटलेली साखळी सांध, कुणाच्या माळेचा फासा बदल, असली बारीकसारीक कामं ते बसल्या बसल्या करत. पण एक काम ते गेली पन्नास वर्षं करत आले होते आणि त्याबद्दल अख्खा तालुका त्यांचं नाव घ्यायचा. कुणाच्या घरी माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की घरचा कुणीतरी धावत आमच्याकडे यायचा. तात्या हातातलं जेवण बाजूला सारून उठायचे. गुंजभर सोनं ठोकून मसुरीच्या डाळीएवढं चपटं करायचे आणि मग त्याची कड घासत बसायचे. बाहेर माणूस ताटकळलेला, रडवेला, “द्या की तात्या लवकर” म्हणतोय, आणि हे आपले कानस मारतायत. जिभेवरून फिरवून बघायचे. कुठे बोचलं तर पुन्हा घासायचे.

अरविंद लहानपणी एकदा म्हणाला होता, “मरणाऱ्याला काय बोचतंय?” तात्यांनी त्याला मारलं होतं. आयुष्यात एकदाच. “मरणाऱ्याला नव्हे. ते जिवंत माणसाच्या तोंडात जातंय,” असं म्हणाले होते.

असे तुकडे ते आधी करून कधीच ठेवत नसत. मरणाची तयारी आदल्या दिवशी करायची नसते म्हणायचे.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते. घरच्यांना, डॉक्टरांना आणि पुढे वीस वर्षं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला जसं सांगितलं तसंच आधी सांगते.

संकष्टी होती. तात्या चंद्रोदयापर्यंत बिनसाखरेच्या चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत. मी म्हटलं, “उपास करायचा तर साखरेची गोळी घेऊ नका, गोळी घ्यायची तर चार घास खा.” ते म्हणाले, “गणपतीला शिकवायला निघालीस?” आणि गोळी टाकली तोंडात. आम्ही भांडलो. तीन वर्षांत भांडण झालं नाही असा दिवस नव्हता. बेडपॅन वेळेवर दिलं नाही म्हणून, पाणी गार आहे म्हणून, मी उसासा टाकला म्हणून. मीही काही कमी नव्हते, एकाला दोन ऐकवायची.

सकाळी दहाच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम फुटला. हाक मारली तर ओ नाही. डोळे अर्धवट उघडे, घशातून घुर्रघुर्र आवाज. मी ओरडले तशा शेजारच्या चंपाकाकू धावत आल्या. गल्लीत कुणाचंही शेवटचं असलं की काकूंनाच बोलावत. त्यांनी नाडी धरली, कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “गार पडत चाललाय गं. घरघर लागलीया.” त्यांचा मुलगा डॉक्टर शेट्यांना बोलवायला धावला. डॉक्टर वाडीवर गेले होते. मग त्यानं परस्पर बूथवरून अरविंदला फोन लावला आणि तात्या गेलेच समज म्हणून सांगितलं.

काकूंनी आणि मी मिळून तात्यांना खाटेवरून खाली घेतलं, उत्तरेला डोकं करून. मी स्वयंपाकघरात गेले, गंगेचा गडू घेऊन बाहेर आले. काकू म्हणाल्या, “सोनं बघ. तात्या सोनाराच्या तोंडात सोनं नसलं तर गाव काय म्हणंल?” पाटावर सोन्याच्या पत्र्याची एक पट्टी पडली होती. मी कातर घेतली आणि एक कोपरा कापला. कातर दोनदा घसरली. घासायला वेळ कुठला! तुकडा तुळशीच्या पानावर ठेवला आणि तात्यांच्या तोंडापाशी नेला. तोंड लगेच उघडलं.

“पुण्यवान माणूस,” काकू म्हणाल्या. “नाहीतर दातखीळ बसलेली असती.”

मी पळीभर पाणी घातलं.

अर्ध्या तासानं डॉक्टर शेटे आले. त्यांनी तात्यांच्या बोटाला सुई टोचून यंत्रावर रक्ताचा थेंब घेतला आणि जवळजवळ ओरडलेच, “अहो, हे कसलं मरण! साखर उतरलीय!” हाताच्या शिरेत ग्लुकोजचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत, अगदी पाच मिनिटांत, तात्यांनी डोळे उघडले, खोलीत जमलेली दहा-बारा माणसं पाहिली आणि म्हणाले, “मला खाली का ठेवलंय?”

बायका रडायला लागल्या. काकूंनी देवाला हात जोडले. डॉक्टर शेटे बॅग आवरताना मला म्हणाले, “चमचाभर साखर गालात लावली असती तरी उठून बसले असते. मी सांगितलं होतं ना तुम्हाला?”

“सुचलं नाही,” मी म्हणाले.

“नाहीच सुचत अशा वेळी,” ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेले.

तात्यांना मी साखर घालून चहा दिला. पहिल्याच घोटाला त्यांचा चेहरा पिळवटला. छातीवर हात गेला. चहा तोंडातून परत आला आणि त्याबरोबर रक्ताची एक रेघ. तेव्हा मी त्यांच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तुळशीचं पान गालाला चिकटलेलं होतं. सोनं नव्हतं.

इतकं सगळ्यांना ठाऊक आहे.

“त्याची दोन टोकं धारदार आहेत,” डॉ. हुक्केरी फोटोवर पेन टेकवून सांगत होते. “एक भिंतीत रुतलंय. या भिंतीच्या पलीकडे लगेच शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी आहे. तोंडातून दुर्बीण घालून काढू. सरळ ओढलं तर फाडत येईल. म्हणून आधी खाली पोटात ढकलायचं, तिथे जागा असते, तिथे ते फिरवायचं, टोक पकडायचं आणि दुर्बिणीला लावलेल्या रबरी टोपीत ओढून घेऊन वर आणायचं. ढकलताना काय होईल ते मी सांगू शकत नाही. सही करा.”

मी सही केली. नातं या रकान्यात मुलगी असं लिहिलं.

तात्यांना डाव्या कुशीवर झोपवलं. घशात औषधाचा फवारा मारला, दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवली. त्यांचं वय आणि छाती पाहता पूर्ण भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते, थोडी गुंगी दिली होती. ते घाबरले होते. पाय कापताना न घाबरलेला माणूस त्या काळ्या नळीला घाबरला. सिस्टर म्हणाली, “तुम्ही समोर बसून हात धरा त्यांचा.” म्हणून मला आत थांबू दिलं.

मी हात धरला. त्यांच्या बोटांना सोनारकामानं घट्टे पडलेले होते, ते मला टोचले. पडद्यावर गुलाबी, ओली अशी एक वाट दिसायला लागली. तात्यांना उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. आणि मग ते दिसलं. माझ्या हातचं. वाकडं कापलेलं, एका बाजूला कातर घसरल्याची दातरी. आजूबाजूचं मांस सुजून पांढरट झालेलं आणि कोपऱ्याशी रक्ताचा गोळा.

“केवढं घट्ट बसलंय,” डॉक्टर पुटपुटले. नळीतून एक बारीक चिमटा पुढे आला, त्यानं तुकड्याला हळूच ढोसलं. तो हलला नाही. दुसऱ्यांदा ढोसलं. तात्यांनी माझा हात इतका आवळला की मला ओरडावंसं वाटलं. तिसऱ्यांदा तुकडा सुटला, आणि सगळा पडदा लाल झाला.

“पाणी मारा. पाणी,” डॉक्टर सिस्टरला म्हणाले. आवाज शांत होता, पण त्यांच्या कानामागून घामाचा ओघळ उतरताना मला दिसला. मी त्या वेळी देवाला काय म्हटलं ते आठवतंय. एवढं निभाव, मी जन्मभर यांचं बेडपॅन उचलीन, उसासा टाकणार नाही. सौदाच करत होते. सोनाराचीच मुलगी.

लाल ओसरलं. तुकडा पोटात पडला होता. तिथे डॉक्टरांनी तो चारदा पकडला, चारदा निसटला. पाचव्यांदा टोक चिमट्यात आलं. मग ते सावकाश नळी मागे घेऊ लागले. नळी बाहेर आली. डॉक्टरांनी टोपी उलटी केली आणि गॉजच्या तुकड्यावर ते ठेवलं. त्यांनी मोजलं. मला आकडा आठवत नाही.

अरविंद पोचला तेव्हा चार वाजले होते. तो वाटभर रडत आला होता. विट्यात गल्लीतल्यांनी त्याला मिरजेला पाठवलं होतं, पण तात्या जिवंत आहेत यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. पिशवीत पांढरं धोतर आणि पंचा होता. तात्या वॉर्डात उशीला टेकून बसलेले पाहिल्यावर तो दारातच मटकन खाली बसला. नंतर रागावला. आनंदानं माणूस किती रागावतो ते मी तेव्हा पाहिलं.

“कुणी केलं हे? कुणाची अक्कल? आणि हे…” ट्रेमधला तुकडा त्यानं बोटात धरून उजेडाकडे केला. सोनाराच्या घरात वाढलेला तो, त्याला शिकवावं लागलं नाही. “हे कुणी कापलंय असं? कानससुद्धा मारली नाही?”

डॉ. हुक्केरी केसपेपर लिहीत उभे होते. “मलाही लिहावं लागेल,” ते म्हणाले. “तोंडात कुणी घातलं, कापलं कुणी.”

चंपाकाकू आता मान खाली घालून बसल्या होत्या. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तात्यांनी हात वर केला. त्यांचा घसा फाटला होता, आवाज खरखरीत येत होता.

“मी.”

“तुम्ही?” अरविंद म्हणाला.

“मीच कापून ठेवला होता. माझ्यासाठी. पोरीची धावपळ नको म्हणून. तिला सांगितलं होतं, वेळ आली की हाच घाल.”

“आणि घासला नाही?”

तात्यांनी तुकडा मागून घेतला. डोळ्यांजवळ धरला. अंगठ्यानं एकेक कड चाचपली. कातर जिथे घसरली होती तिथे अंगठा थांबला. पन्नास वर्षं दुसऱ्याच्या कामावरून कारागीर ओळखणारा माणूस तो.

“म्हातारा झालो, बाळ,” ते म्हणाले. “डोळे गेले. हात गेला. काम बिघडलं माझं.”

अरविंदचा राग तिथेच विझला. त्याला त्यांची कीव आली, ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. तात्यांनाही दिसलं असणार. डॉक्टरांनी लिहून घेतलं: रुग्णाने स्वतः तयार केलेला तुकडा. आयुष्यात एकही तुकडा कड न घासता बाहेर न दिलेल्या माणसाच्या नावावर तो तुकडा लागला, आणि मी एक शब्द बोलले नाही.

डॉक्टरांनी मला आणि अरविंदला बाहेर नेऊन सांगितलं, “आत चीर पडलीय. सहा दिवस तोंडातून पाण्याचा थेंब नाही. चीर बुजली तर सुटले. नाही बुजली तर छातीत पू होईल, आणि या वयात, एवढ्या साखरेत, मग माझ्या हातात काही राहणार नाही.”

सहा दिवस मी खाटेखाली चटई टाकून होते. नाकातून नळी, हाताला सलाईन, आधीच्या सुईनं सुजलेला डावा हात उशीवर. तिसऱ्या दिवशी ताप एकशे तीनवर गेला. अरविंद बाहेर पायरीवर बसून रडला. मी रडले नाही. मी पट्ट्या बदलत राहिले. सिस्टर दुसऱ्या रुग्णांच्या घरच्यांना माझं उदाहरण द्यायची. सेवा करावी तर अशी, म्हणायची. पाचव्या दिवशी ताप उतरला.

त्या सहा दिवसांत तात्या माझ्याशी भांडले नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदाच. पाणी मागत नव्हते, कूस बदलायला सांगत नव्हते, गार-गरम काही नाही. मला वाटलं, घसा दुखतोय म्हणून.

सातव्या दिवशी सकाळी त्यांना औषध पाजून पुन्हा फोटो काढला. डॉक्टर हसत आले. “बुजली. आज पेज द्या. पातळ, कोमट. सावकाश.”

अरविंद औषधं आणायला खाली गेला. मी वाटीत भाताची पेज घेऊन खाटेवर बसले. त्यांच्या उजव्या हाताला सलाईन, डावा हात सुजलेला, म्हणून भरवावंच लागणार होतं. मी चमच्यावर फुंकर घातली.

“थांब,” तात्या म्हणाले. “आधी एक बोलू दे. दार लोट.”

मी दार लोटून आले.

“साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं,” ते म्हणाले. “चमच्याच्या दांडीनं उघडावं लागतं. टक् असा आवाज होतो.”

हातातली वाटी मी मांडीवर ठेवली.

“मला सगळं ऐकू येत होतं, कुमुद. बोलता येत नव्हतं, डोळ्यांपुढे काळं होतं, पण कान होते. तू आत गेलीस. डबा उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आली पोर साखर घेऊन.”

“तात्या…”

“मग चंपा माझ्या उशाशी पुन्हा म्हणाली, घरघर लागलीया. मग आत काही आवाज नाही. बराच वेळ नाही. मग झाकण लावल्याचा आला.”

हेच मी सगळ्यांना सांगताना गाळत आले. डॉक्टर शेट्यांनी सांगितलेलं मला आठवलं होतं. घाम फुटलेला बघता क्षणीच आठवलं होतं. मी साखरेचा डबा काढला, उघडला, चमचा आत घातला. चमच्यात साखर होती. आणि बाहेरून काकूंचं तेच बोलणं पुन्हा ऐकू आलं आणि माझ्या मनात आलं, संपलं का? खरंच संपलं? माझे खांदे एकदम हलके झाले. इतके हलके की मला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. कुणी विचारील, काय कारण होतं? काही नव्हतं. दुसरं कुणी वाट बघत नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. मी दमले होते. मी चमचा डब्यात रिकामा केला आणि झाकण दाबून बसवलं. मग गंगेचा गडू उचलला.

“त्यानंतर कानही बंद झाले. मग तू जवळ आलीस,” तात्या सांगत होते. “तुझ्या हाताला फोडणीचा वास असतो, त्यावरून कळलं. ओठाला काहीतरी लागलं. म्हटलं, उशीर केला पण आणली. सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं मी. साखर समजून गिळलं, पोरी.”

मी त्यांच्या उरलेल्या पायावर डोकं टेकलं. माफ करा म्हणायलासुद्धा तोंड नव्हतं. तात्यांनी सुजलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

“ऊठ. पेज गार होईल. तीन वर्षं मी तुला कमी छळलं का? चल, भरव.”

मी डोळे पुसले. चमचा भरला, त्यांच्या ओठांपाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं. आणि चमचा ओठाला लागताच ते मिटलं. पेज हनुवटीवरून गळ्यात ओघळली.

“थांब,” ते म्हणाले. “पुन्हा दे.”

मी पुन्हा भरला. या खेपेला त्यांनी डोळे बंद करून घेतले, दोन्ही मुठी आवळल्या, तोंड उघडलं. चमचा जवळ गेला. दात एकमेकांवर बसले. त्यांच्या जबड्याची शीर उडताना मला दिसत होती. ते मिटत नव्हते हो, आपोआप मिटलं जात होतं. तिसऱ्यांदाही तसंच झालं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुर्बीण घालतानाचं निराळं, हे निराळं.

“राग नाही गं माझा,” ते म्हणाले. “शप्पथ नाही. पण घेत नाही तोंड. अरविंदला बोलाव. आणि आता मी त्याच्याकडेच जातो. त्याच्या बायकोचं मी बघतो, तू काळजी करू नको. तू विट्याला जा आणि झोप. भरपूर झोप.”

अरविंद वर आला. त्यानं माझ्या हातातून वाटी घेतली, मांडी घालून खाटेवर बसला आणि लहान मुलाला भरवावं तसं “आ” करून दाखवलं. तात्यांनी तोंड उघडलं. गिळलं. पुन्हा उघडलं. बघता बघता वाटी रिकामी झाली. मी पायथ्याशी उभी होते.

“बघ ताई, कसे शहाण्यासारखे खातात माझ्या हातून!” अरविंद हसत म्हणाला. “तू उगाच म्हणायचीस, फार त्रास देतात.”

“गप रे,” तात्या त्याला म्हणाले. “तुला काय माहीत? तीन वर्षं तिनंच जगवलंय मला.”